यातला बैल कोणता?

माझ्या लेकीला, कमलला, जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. कमल बाळंतपणाला माहेरी आली होती. आतल्या खोलीत दोन्ही पोरं आळीपाळीनं रडत होती आणि मी सोप्यात बसून कांदा सोलत होते. चिरायला नव्हे. कांद्याच्या एकेका पाकळीच्या आतल्या अंगाला पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा असतो. तो नखानं अलगद सोडवायचा आणि पाण्याच्या वाटीत टाकायचा, असं माझं चाललं होतं. एक फाटला की दुसरा धरायचा.

थोरले दीर, सोपानआप्पा, अंगणात आले. त्यांनी दावणीच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलालाच विचारलं,

"काय रं सर्ज्या, आज घरात टरफलांचं कोरड्यास हाय का काय?"

मी पदर पुढं ओढला. "सर्ज्या, त्यांना म्हणावं, कोरड्यास वांग्याचं हाय. ह्ये शाळंत न्यायचंय."

"सर्ज्या, इचार तिला, मास्तरीण आता कांद्याची सालं खाती व्हय?"

"खात न्हाई म्हणावं. यंत्राखाली घालून बघती."

आमच्यात भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं बोलणं मधे कुणीतरी धरून चालायचं. आधी सासूबाई होत्या, मग माझे मालक होते. मालक गेले आणि मधे धरायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते काम सर्ज्याकडं आलं. बैल भला होता. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा आणि इकडचं तिकडं वाढवून सांगायचा नाही.

आप्पा बैलांच्या बाजारातले दलाल. त्यांच्या नजरेचा दबदबा माणदेशभर होता. खोंड बघून त्याची आई कुठल्या दावणीची आणि आज्याची शिंगं कशी होती, ते सांगत. "रगत बोलतं," हा त्यांचा शब्द. हेच त्यांनी माणसांनाही लावलं होतं. लग्नात अनोळखी पाहुणा दिसला की त्याची हनुवटी धरून सांगायचे, "तू अमक्याच्या घरातला. नाक बोलतंय तुझं." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. निघालं नाही तर पाहुण्याच्या आज्जीबद्दलच लोकांना शंका यायची, आप्पांबद्दल कधी नाही.

त्यांनी बैलापुढं पेंढी सोडली आणि मान न वळवता म्हणाले, "सर्ज्या, सांग तिला. ह्यो बाजार झाला की उत्तमची सुपारी फोडायला जायचंय. पोरगी बघून ठिवलीया. उंच हाय, खांदा भरल्याला हाय, चाल झोकात हाय."

"सर्ज्या, त्यांना इचार, सून बघितली का खोंड?"

बैलानं शेपटी हलवली. आप्पांनी ती हलकेच धरून सोडली.

"आन् सांग तिला, बाजारात माझ्या कानावर आलंय. ती मास्तरीण म्हंजी काशीबा मेंढरावाल्याची लेक. काशीबा माणूस चोख हाय, माझं काय म्हणणं न्हाई. पर रगत येगळं. खिलाराच्या दावणीला कुणी मेंढी बांधतं का?"

म्हणजे त्यांना कळलं होतं तर. मी वाटी उचलली आणि आत गेले.

उत्तम माझा एकुलता एक मुलगा. तालुक्याच्या गावी मोटारी दुरुस्त करायचा. कसलंही इंजिन खोलायचा, पण चुलत्यापुढं त्याला तोंड खोलता येत नसे. मालन आमच्या हायस्कुलात सायन्स शिकवायची आणि दुपारी आम्हा बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायची. पन्नाशीला टेकलेल्या माझ्या हाताला धरून तिनंच मला पाटीवर आडव्या-उभ्या रेघा मारायला शिकवलं होतं. वर्गाला मला सोडायला-न्यायला म्हणून उत्तम काम टाकून सायकल घेऊन यायचा, आणि ते कौतुक कशापायी चाललंय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. "आई, मालन नाही तर कुणीच नाही," तो मला म्हणाला होता. "पण आप्पांना तू सांग." आणि मालननं मला सांगितलं होतं, "काकू, इथं नाही जमलं तर मी बदली मागून घेईन. रोज समोर दिसणं नको."

मला ती घरात हवी होती. पण हे गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द आप्पांचा होता.

त्या दुपारी शाळेच्या ओसरीवर आम्ही सगळ्या जमलो. टेबलावर पितळी मुंडीचं यंत्र होतं, मालन त्याला सूक्ष्मदर्शक म्हणायची. मालननं त्याचा छोटा आरसा उन्हाकडं फिरवला. माझा त्यातल्या त्यात बरा पापुद्रा तिनं काचेवर ठेवला, वर लालसर औषधाचा थेंब टाकला आणि म्हणाली, "चला, एक डोळा मिटून बघा."

माझी शेजारीण अनसाक्का सगळ्यात पुढं. तिला एक डोळा मिटायला जमेना, म्हणून तिनं तो तळहातानं दाबून धरला. "अगं बया! ही तर भिंत हाय! इटंवर ईट. कोण गवंडी म्हणायचा हा? आमच्या न्हाणीला इतकी सरळ भिंत न्हाई."

"त्या विटा नाहीत अनसाक्का, पेशी आहेत," मालन म्हणाली. "प्रत्येकीला स्वतःची भिंत असते. आत पातळ रस असतो, आणि तो गडद ठिपका दिसतोय ना? ते केंद्रक. त्या पेशीचा कारभार तिथनं चालतो."

"आन् ह्या कांद्यातच असत्यात?"

"जे जे जिवंत आहे त्या सगळ्यात. कांद्यात, शेळीत, तुमच्यात, माझ्यात. तुम्ही सगळ्या असल्याच पेशींच्या बनलेल्या आहात."

"आन् पेशी कशाच्या?" मी विचारलं.

"सगळ्यात जास्त पाणी. मग कोळशात असतो तो कार्बन. थोडं मीठ. हाडात चुना, रक्तात लोखंड. वेगळं असं काही नाही, सगळं ह्या मातीत आणि हवेतच आहे. फक्त मांडणी जिवंत आहे."

"सगळ्यात जास्त पाणी व्हय," अनसाक्का म्हणाली. "तरीच. आमच्या मालकांत मी तीस वर्षं दुसरं काय हाय ते हुडकतीया."

ओसरी हसून हसून आडवी झाली. मालननं मग काडेपेटीची काडी घेतली, तिचं गुल मोडून टाकलं आणि स्वतःच्या गालाच्या आतून हळूच ओढली. काडीला लागलेली लाळ तिनं काचेवर पसरली, वाळवली, निळं औषध घातलं, पाण्यानं धुतली.

मी बघितलं. विटा नव्हत्या. कडा वेड्यावाकड्या, जराशा दुमडलेल्या, तव्यावरनं काढून टाकलेल्या पातळ घावनासारख्या. प्रत्येकीच्या मधे एक निळा ठिपका.

"ह्यांना भिंत न्हाई," मी म्हटलं.

"बरोबर! वनस्पतीला भिंत असते. प्राण्याला नाही."

मग आमच्यापैकी कित्येकींनी गाल खरवडले. अनसाक्काचा गाल, माझा गाल, मालनचा गाल. मी एकामागून एक काचा बघितल्या आणि माझ्या डोक्यात काहीतरी हलायला लागलं.

"मालन, ह्यातली तुझी कुठली आणि माझी कुठली, ते बघून सांगता यील?"

"नाही काकू."

"म्हंजी रगत बोलत न्हाई?"

खोटं तिला येत नसे. "बोलतं. आईबापाकडनं जे येतं ते त्या ठिपक्यात असतं. पण इतक्याशा यंत्रातून ते दिसत नाही. आणि दिसलं तरी त्यात जात लिहिलेली नसते."

"आन् बैलाची?"

"बैलाच्या गालातली? तीही साधारण अशीच दिसेल. मोठ्या यंत्रात मोठ्या जाणकाराला कदाचित सांगता येईल. मला नाही."

मी घरी आले ती हसतच. सर्ज्याला पाणी दाखवायला बादली घेऊन गेले. आप्पा पलीकडच्या बाजूला त्याची शिंगं घासत होते.

"सर्ज्या," मी म्हटलं, "शाळंत यंत्र आलंय. गालाच्या आतनं जरा खरवडून काचंवर घेतलं की माणूस आतनं दिसतो. पर मास्तरीण म्हणती, कुणाचा कोण ते तिला वळखू येत न्हाई."

घासणं थांबलं. "सर्ज्या, तिला म्हणावं, मास्तरणीला कसं वळखू यायचं? तिनं जन्मात कधी जनावर पारखलंय का?"

"तेच म्हणत हुते मी. तुझ्या धन्याला आलं असतं. पर ऱ्हाऊ दे. वय झालं, नजर पैल्यासारखी न्हाई ऱ्हायली."

मग पलीकडनं आवाज आला, जरा मोठा.

"सर्ज्या! सांग तिला, आंधारात नुसती शेपूट हातात दिली तर दावण सांगतू मी!"

"मग सर्ज्या, असं करू. बाजाराच्या आदल्या दिशी काशीबा मेंढरं घिऊन यील. त्येच्या गालाची एक काच, तुझ्या धन्याच्या गालाची एक. त्यांनी आपली काच वळखून दावायची. वळखली तर सुपारीला मी सगळ्याच्या पुढं चालते, तोंडातनं चकार शब्द काढणार न्हाई. आन् न्हाई वळखली तर?"

"न्हाई वळखली तर त्या मास्तरणीला वाजत गाजत सून करून आण म्हणावं!"

"साक्षीला तू हाईस बरं का, सर्ज्या."

"आन् ह्येचं बी घ्या!" आप्पांनी बैलाच्या वशिंडावर थाप मारली. "ह्येच्या गालाची बी एक काच करा. कळू दे मास्तरणीला, जातिवंत जनावर आतनं कसं असतं ते!"

ही तिसरी काच माझ्या डोक्यातली नव्हती. ती त्यांनीच दिली.

मालनला मी सांगितलं तेव्हा ती संतापली. "काकू, ही फसवणूक आहे."

"कुणाची? वळखू येत न्हाई असं मी सांगितलं. तूच म्हणाली हुतीस. त्यांना पटंना, त्याला मी काय करू?"

"आणि अंदाजानं बोट ठेवलं आणि नेमकं बरोबर निघालं तर?"

ह्याचा विचार मी केला नव्हता. "तर मग सुपारीला जावं लागंल," मी म्हटलं.

ती बराच वेळ काचा पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "कुणाची कुठली ते मला सांगू नका. मला माहीत असलं तर माझ्या तोंडावर दिसेल. खुणा तुम्ही करा, आणि नीट करा."

बाजाराच्या आदल्या दिवशी काशीबा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, बोलणं कमी. मेंढरं ओढ्याला सोडून तो लेकीला भेटायला शाळेत आला, तर ओसरीवर बायकांची गर्दी आणि आवारातल्या लिंबाला सर्ज्या बांधलेला. आप्पा कोरा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते.

"काय काशीबा, मेंढरं उतरली का?"

"उतरली की आप्पा. तुम्ही बैल शाळंत घातला व्हय?"

"त्याला समदं येतंय. मास्तरणीला शिकवाय आणलाय."

काशीबाला काय चाललंय ते मालननं थोडक्यात सांगितलं. पैजेत तिचं लग्न आहे आणि आप्पा खिलार-मेंढीचं काय म्हणाले, हेसुद्धा सांगितलं. त्यानं लेकीकडं पाहिलं, मग आप्पांकडं पाहिलं, आणि तोंड उघडून गाल पुढं केला.

आप्पांनी आपली काडी स्वतः फिरवली. सर्ज्याच्या वेळी मात्र सगळ्याजणी मागं सरल्या. आप्पांनी एका हातानं त्याचं नाक वर धरलं, दुसऱ्यानं दात बघताना करतात तसा जबडा उघडला, आणि मी काडी घेऊन आत हात घातला. बैलानं माझं मनगट चाटलं. "हलू नगं," आप्पा म्हणाले. बैलाला म्हणाले की मला, ते कळलं नाही.

काचा मी घेतल्या. आप्पांच्या काचेच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट लावलं, काशीबाच्या काचेवर कुंकवाचं. सर्ज्याची कोरी ठेवली. देवघरात, दारावर, पाट्यावर, जिथं म्हणून खूण करायची तिथं आम्ही हळदीकुंकवाचीच करतो. दुसरं काही सुचलंच नाही. मालन पाठ फिरवून उभी होती. मी काचा तिच्या पुढ्यात सरकवल्या. तिनं त्या उन्हात वाळवल्या, निळं औषध घातलं, आणि तांब्यातल्या पाण्याची धार धरून एकेक स्वच्छ धुतली. मग त्या टेबलावर मांडल्या.

तिन्ही कोऱ्या.

मी बघतच राहिले. हळद नव्हती, कुंकू नव्हतं. तांब्याखालच्या ताटलीत निळ्या पाण्यात लालपिवळं काहीतरी तरंगत होतं. मला हसू यायला लागलं. ते दाबायला मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तर अनसाक्का कुजबुजली, "काय झालं गं? दाढ दुखती का?"

आप्पा उठले. यंत्राला डोळा लावला.

"केस दिसत्यात."

"तुमच्याच पापण्या आहेत आप्पा," मालन म्हणाली. "जरा लांबून बघा."

ते जरा मागं सरले. फेटा यंत्राला लागून तिरका झाला. पहिली काच त्यांनी फार वेळ बघितली, मग दुसरी, मग तिसरी. मग पुन्हा पहिली. मी त्यांना बाजारात खोंडाभोवती फिरताना पाहिलं होतं. खूर बघायचे, कातडं चिमटीत धरायचे, कानात फुंकर मारायचे. इथं फिरायला जागा नव्हती आणि धरायला कातडं नव्हतं.

"ही," एकदम म्हणाले. "हिच्यात तंबाखूचा कण हाय. मी खातू. काशीबा खात न्हाई. म्हंजी ही माझी!"

ह्यात जात नव्हती, रगत नव्हतं, पण तंबाखू होती.

मालननं डोळा लावला. "पानाचा तुकडा आहे खरा. भिंती दिसतायत, कांद्यासारख्या." तिचा आवाज बारीक झाला होता.

"मग?"

काशीबा घोंगडं सावरत म्हणाला, "आप्पा, तुम्ही तंबाखूचं पान खाता. तुमचा बैल कडब्याचं पान खातो. ते पान कुठलं, ते दिसतंय का?"

आप्पांनी पुन्हा वाकून पाहिलं. फार वेळ. मग वर बघून, माझ्याकडं न बघता, लिंबाखालच्या बैलाकडं तोंड करून म्हणाले, "सर्ज्या, तिला इचार. खुणा तिनं केल्यात. ही कुणाची, ते तिनं सांगावं."

सगळ्या ओसरीनं माझ्याकडं पाहिलं. मालननं पाहिलं. "आप्पांची नाही" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण पदराचा बोळा तोंडातनं निसटला आणि मला असं हसू फुटलं की डोळ्यांतनं पाणी आलं.

"सर्ज्या," मी कशीबशी म्हटलं, "माझ्या हळदीकुंकवाच्या खुणा धुऊन गेल्या रं. आता ह्यात आप्पा कोण, काशीबा कोण आन् तू कोण, मला बी ठावं न्हाई."

आप्पांचं बोट त्या काचेवर तसंच होतं. मग त्यांनी ते हळूच उचललं. विस्तवावरनं उचलावं तसं.

"दाखवा की आप्पा!" अनसाक्कानं हाळी दिली. "घाबरताय कशाला? लई तर लई काय, सर्ज्या निघंल!"

बायकांनी एकमेकींच्या पाठीत धपाटे घातले. कुणाची तरी टोपली उलटली. काशीबा मात्र हसला नाही. तो पुढं आला, घोंगडं खुर्चीवर ठेवलं आणि वाकून तिन्ही काचा बघितल्या. सावकाश, एकेक.

"माझ्यातलं मेंढरू कुठं दिसंना," तो म्हणाला. कुणाला टोमणा म्हणून नाही. खरोखर शोधून पाहिल्यासारखं म्हणाला.

हसणं विरलं. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी काशीबाच्या मनगटावर टाकला आणि त्याला ओसरीच्या टोकाला नेलं.

जनावरांच्या बाजारात मोल तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातावर कापड टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. भोवती शंभर माणसं असली तरी काय ठरलं ते कुणाला कळत नाही. कोण नमलं, तेही कळत नाही. ते दोघे आमच्याकडं पाठ करून उभे राहिले, टॉवेल मधे. आप्पांनी एकदा मान वळवली, तेव्हा त्यांचे ओठ हललेले मला दिसले. काशीबानं मान हलवली. आप्पा पुन्हा काही बोलले. मग टॉवेल झटकून त्यांनी खांद्यावर टाकला.

"झाला सौदा," ते म्हणाले.

मालन ताडकन उठली. "कसला सौदा? बाबा, मी काय मेंढी आहे?"

"न्हाई गं पोरी," आप्पाच म्हणाले. फेटा अजून तिरकाच होता. "तुझा न्हाई. माझा झाला." आणि मग माझ्याकडं वळले. बैलाकडं नाही, खांबाकडं नाही. माझ्याकडं.

"केरा, घरी चल आन् च्या टाक. व्याही आल्यात."

मी मागं वळून पाहिलं. एवढ्या वर्षांची सवय. मधे कुणीच नव्हतं.

"टाकते," मी म्हटलं.

लग्न मार्गशीर्षात झालं. आप्पांनी ते वाजत गाजत केलं, बोलल्याप्रमाणं. बाजारात ही हकिगत पसरली. त्यांना बघितलं की एखादा टगा विचारायचा, "आप्पा, काच आणू का?" आप्पा काठी उगारायचे, पण हसायचे. पुढं खोंड पारखायला कुणी बोलावलं तर जायचे, खूर बघायचे, कातडं बघायचे. माणसांच्या हनुवट्या धरणं मात्र त्यांनी सोडून दिलं.

टॉवेलाखाली काय ठरलं होतं, ते कुणाला माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर आप्पा म्हणाले, "कापडाखालचं बाहेर बोलत न्हाईत." मालनला वाटायचं, काहीतरी देणंघेणं ठरलं असणार आणि आपल्याला कळू दिलं नाही. त्यावरनं ती बापाशी दोनदा भांडली. उत्तमला वाटायचं, आप्पांनी काशीबाला दम दिला असणार. अनसाक्काला वाटायचं, आप्पांनी पाय धरले असणार. गावात ज्याच्या त्याच्या मनासारखं ठरलं होतं.

मालनच्या लेकीच्या बारशाला काशीबा आला. नातीला मांडीवर घेऊन सोप्यात बसला होता. पोरीनं त्याचं बोट मुठीत धरलं होतं. आप्पा बाहेर मंडपाचं बघत होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "व्याही, आता तरी सांगा. त्या दिशी बोटं किती धरली?"

त्यानं बाहेर पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "एक बी न्हाई. नुसता हात धरून हुभं ऱ्हायले. गार पडला हुता हात. वीस वर्षं त्या माणसाशी सौदं केलं मी, त्येचा हात कधी गार लागला न्हवता."

"आन् ओठ हलले ते?"

"म्हणाले, 'काशीबा, खरं सांग, त्यातला बैल कुठला ते तुला कळलं का?' मी म्हणलं, न्हाई."

"मग?"

"मग म्हणाले, 'मला बी न्हाई. कुणाला सांगू नगंस. पोरीला म्हणावं, ये.'"

सोपानआप्पा दोन हजार नऊ सालच्या चैत्रात वारले. काशीबा त्याच वर्षी, दिवाळीनंतर. म्हणून आता सांगितलं.